झोपेत गेलेल्या लेकराची नोंद कशी करायची : नव्या आरोग्यसेविका आणि आशाताईंसाठी

"रात्री दूध पेलं, निजलं, अन् पहाटं पाह्यलं तर थंडगार."

उपकेंद्राच्या कामात हे वाक्य तुमच्या कानावर कधी ना कधी पडणारच. सांगणारी बहुतेक वेळा आजी असते, कारण माय बोलायच्या स्थितीत नसते. तुमच्या पिशवीत फॉर्म असतो आणि त्यात 'मृत्यूचे कारण' असा रकाना असतो. नव्या माणसाचा हात आधी त्याच रकान्याकडे जातो. माझाही गेला होता. तो रकाना सगळ्यात शेवटी भरायचा असतो, आणि कधीकधी 'समजले नाही' एवढंच लिहून सोडायचा असतो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत मी आधी एएनएम (उपकेंद्राची आरोग्यसेविका) आणि मग आरोग्य सहायिका म्हणून काम केलं. ट्रेनिंगमध्ये नमुन्यांचे नंबर पाठ करून घेतात. कुणाच्या ओसरीवर, रडारड चालू असताना, ते नमुने कसे भरायचे हे मात्र ज्याचं त्यानं शिकायचं असतं. ते इथं सांगते.

कागद तीन ठिकाणी जातात

एका लेकराच्या मृत्यूचे कागद तीन वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. एका ठिकाणी दिलं म्हणजे दुसरीकडे आपोआप पोचलं, असं समजू नका. कधीच पोचत नाही.

पहिली वाट ग्रामपंचायतीची. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. तो २०२३ मध्ये सुधारला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित तरतुदी लागू झाल्या. गावात निबंधक म्हणजे ग्रामसेवक. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण लोक अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतात. शहरात हे काम नगरपालिका किंवा महानगरपालिका करते.

दुसरी वाट आपल्या खात्याची, बालमृत्यू अन्वेषणाची. याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१४ च्या आहेत. पाच वर्षांखालचा प्रत्येक मृत्यू यात येतो. आशा किंवा अंगणवाडीताईने २४ तासांत कळवायचं, एएनएमने घरी जाऊन पहिली थोडक्यात चौकशी करायची, मग निवडक मृत्यूंची सविस्तर चौकशी होते. तिला शाब्दिक शवविच्छेदन म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, त्यात कुणी काही कापत नाही. घरच्यांशी बोलून आजाराची आणि मृत्यूची हकिकत जुळवायची असते. नवजात बाळाचा नमुना वेगळा, महिन्यावरच्या बाळाचा वेगळा. दवाखान्यात झालेल्या मृत्यूचा तिसराच.

तिसरी वाट पोलिसांची, आणि ती प्रत्येक वेळी लागत नाही. अपघात, प्राण्याचा दंश, संशयास्पद परिस्थिती असं काही असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो. १ जुलै २०२४ च्या आधी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचं. जुने जमादार अजून '१७४' च म्हणतात, गोंधळू नका.

फोन आल्यावर

फोन सकाळी येतो. आपल्याकडे तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. ओढ्याकाठी नाही तर स्वतःच्या वावरात बांधाला. आणि ते लवकर उरकतात. म्हणजे तुम्ही दहाला पोचलात तर बऱ्याचदा माती देऊन माणसं परत आलेली असतात. म्हणून फोनवरच दोन गोष्टी विचारा : लस कधी दिली होती, आणि अंगावर काही दिसलं का. व्रण, वळ, निळा डाग, चावल्याची खूण, तोंडाला कसला वास. यातलं काहीही 'हो' आलं तर माती देण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि पोलीस पाटलाला कळवायचं. संशय खरा की खोटा हे तुम्ही ठरवायचं नाही. कळवायचं, वेळ लिहून ठेवायची, निघायचं.

संशय नसेल तर शवविच्छेदन घरच्यांच्या संमतीनेच होतं. ते बहुतेक नाही म्हणतात. एकदा नीट समजावून सांगा, दुसऱ्यांदा आग्रह करू नका. नकार दिला हेही लिहा. 'शवविच्छेदन झाले नाही' आणि 'शवविच्छेदन सुचवले, नातेवाइकांनी नकार दिला' या दोन वाक्यांत फरक आहे.

पहिल्या दिवशी फॉर्म पिशवीतून काढू नका. बसा. पाणी प्या. कुणी तरी बोलायला लागतंच.

'सिड्स' लिहायचा मोह

हल्ली मोबाइलवर वाचून नवी मुलं-मुली थेट 'सिड्स' लिहितात. पूर्ण नाव सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, मराठीत अर्भकाचा आकस्मिक मृत्यू. या नावाची अट कडक आहे. बाळ एक वर्षाच्या आतलं हवं, आणि तीन गोष्टी झालेल्या हव्यात : पूर्ण शवविच्छेदन, मृत्यू झाला त्या जागेची पाहणी, आणि बाळाच्या व आईच्या आजारपणाचा सगळा इतिहास. तिन्ही झाल्यावरही कारण सापडलं नाही, तरच हे नाव. म्हणजे हे निदान शोध संपल्यावर उरतं. शोध न करता लावायचं लेबल नाही. आपल्या वाडी-वस्तीवर या तिन्ही गोष्टी एका लेकराच्या बाबतीत झालेल्या मी फार कमी वेळा पाहिल्या.

आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत याचा संकेत आर-९५ आहे, आणि त्यात शवविच्छेदनासह व शवविच्छेदनाच्या उल्लेखाविना असे दोन उपसंकेत आहेत. दुसरा उपसंकेत आहे म्हणून आपल्याला परवानगी मिळाली, असा अर्थ काढू नका. संकेत टाकणारा माणूस वर ऑफिसात बसलेला असतो. तुम्ही जे शब्द लिहाल त्यावरून तो खूण करणार. तुम्ही 'सिड्स' लिहिलंत तर त्याच्यासाठी प्रश्न मिटला. तुम्ही 'अंथरुणात दबून' लिहिलंत तर तो अपघाताच्या संकेतात टाकेल. दोन्ही वेळा त्याने ते घर पाहिलेलं नाही.

उलट चूकही तितकीच होते. काहीच सापडलं नाही की 'न्यूमोनिया' लिहून मोकळं व्हायचं. तो शब्द सगळ्यांना बरा वाटतो, कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

वय पाहून थोडा अंदाज येतो. असे खरोखर अनाकलनीय मृत्यू बहुतेक दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात आणि दहातले नऊ सहा महिन्यांच्या आत. तीन दिवसांचं बाळ गेलं तर आधी जंतुसंसर्ग, जन्मतः श्वास कोंडणं, थंडी, कमी दिवसांचं बाळ, हृदयाचा दोष याचा विचार करा. नऊ महिन्यांचं रांगतं लेकरू झोपेत गेलं तर आणखी खोलात विचारा. ते काय तोंडात घालू शकत होतं, घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलं होतं.

खोली बघा

माझी चूक सांगते. नोकरीचं पहिलंच वर्ष, पौष महिना, डोंगरपट्ट्यातली वस्ती. अकरा दिवसांची मुलगी, बारसंही झालेलं नव्हतं. आजी म्हणाली, "दूध नाकात गेलं." नाकातोंडाला दूध होतं हे तीन बायांनी सांगितलं. मी लिहिलं : 'दूध श्वासनलिकेत गेल्याने'. उठताना बाजेखाली मातीची शेगडी दिसली, राखेने भरलेली. दाराच्या फटीत पोत्याचं तरट कोंबलेलं. बाळंतीण म्हणाली होती की रात्री तिचंही डोकं फुटत होतं, दोनदा उलटी झाली. सासूने त्यावर सांगितलं, "वारं लागलं तिला." मी मान हलवली आणि निघाले.

बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचा विषारी धूर काय करतो, हे पुढे एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं तेव्हा ती राख आठवली. ती मुलगी धुरानेच गेली असं मी आजही म्हणू शकत नाही, शवविच्छेदन झालंच नव्हतं. पण माझ्या कागदात शेगडी नव्हती, तरट नव्हतं, आईची उलटी नव्हती. त्यामुळे दुसऱ्या कुणालाही ते म्हणता येणार नाही.

आणि दुधाबद्दल : मेल्यावर पोटातलं दूध आपोआप घशात, तोंडात येऊ शकतं. तोंडाला दूध दिसणं हा दूध अडकून मेल्याचा पुरावा नाही. 'नाकातोंडाला दूध होते' हे निरीक्षण लिहा, कारण म्हणून लिहू नका.

तेव्हापासून मी खोलीचं चित्र काढते. चित्रकला यायची गरज नाही. चौकोन, दार, खिडकी असल्यास खिडकी, चूल किंवा शेगडी, कोण कुठं झोपलं त्याच्या रेघा. बाजेवर की भुईवर. पाळण्यात की साडीच्या झोळीत. झोळीत असेल तर मान पुढे दुमडली होती का. अंगावर किती गोधड्या, तोंड झाकलं होतं का. उताणं, पालथं की कुशीवर. निजवलं कसं आणि सापडलं कसं, दोन्ही वेगळं विचारा. उन्हाळा असेल तर छत पत्र्याचं आहे का. आपल्याकडे मे महिन्यात दुपारच्याला पत्र्याखाली मोठ्या माणसाचा जीव कासावीस होतो, तान्ह्याचं काय. पावसाळा असेल आणि भुईवर निजलं असेल तर मण्यार विसरू नका. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, खूण दिसेल न दिसेल. घरात दुसऱ्या कुणाच्या पोटात दुखलं का, पापण्या जड झाल्या का, साप दिसला का हे विचारा.

अमेरिकेत अशा चौकशीत घरच्यांच्या हातात बाहुली देतात आणि लेकरू कसं होतं ते दाखवायला सांगतात. आपल्याकडे टॉवेलची गुंडाळी चालते. पण ती दुसऱ्या भेटीत, आणि आईची तयारी असेल तरच. एका बाईने ती गुंडाळी छातीशी धरली आणि सोडेना. त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही.

विचारण्याची रीत

आधी हकिकत पूर्ण सांगू द्या, मध्ये तोडू नका. मग मागे जात विचारा : जिवंत शेवटचं कुणी पाहिलं, तेव्हा ते काय करत होतं, त्याआधी दूध कधी पाजलं, संध्याकाळी कसं होतं, दोन दिवस आधी सर्दी, ताप, कमी पिणं, बरगड्या आत ओढणं, आकडी असं काही होतं का. गुटी दिली का, कोणती, कुणाकडून. घरात बिडी-सिगारेट आहे का, मिश्री लावतात का.

वेळ घड्याळात मिळणार नाही. "पहिली एसटी आली तवा", "कोंबडा आरवल्यावर". आमच्या भागात एक खात्रीची खूण म्हणजे शेतीची लाइट. बाप रातच्या लाइटला मोटर चालू करायला वावरात गेला होता म्हणाला, तर थ्री फेज किती वाजता आली हे सगळ्या गावाला माहीत असतं. त्याने दिलेले शब्द जसेच्या तसे लिहा आणि पुढे अंदाजे वेळ टाका.

"तुमच्या अंगाखाली आलं का?" हा प्रश्न कधीही विचारू नका. तो प्रश्न नसून आरोप आहे आणि सासरच्या माणसांसमोर त्याची किंमत ती बाई जन्मभर मोजते. "कोण कुठं निजलं होतं, हाताने दाखवा" म्हटलं की हवं ते कळतं. सासूला थोडा वेळ चहा करायला पाठवा. आईशी एकटीशी पाच मिनिटं तरी बोला.

नजर लागली, बाहेरचं झालं, अमावास्येला ओलांडलं, असं सांगतील. हसू नका, वाद घालू नका. त्याच्या आगेमागे नेमकं काय दिसलं ते विचारा. "नजर लागली म्हणून तीन दिवस पीत नव्हतं" यातले तीन दिवस आपल्या कामाचे.

आता दोन नोंदी शेजारी ठेवते. पहिली, जशी फाइलमध्ये नेहमी दिसते : 'बाळ झोपेत मरण पावले. कारण न्यूमोनिया.' दुसरी : 'वय २ महिने १० दिवस, मुलगा. आईच्या सांगण्यानुसार रात्री ११ च्या सुमारास अंगावर पाजून उजव्या कुशीवर निजवले. भुईवर, आई व ३ वर्षांच्या बहिणीच्या मध्ये. दोन गोधड्या. पहाटे लाइट आल्यावर (अंदाजे ४) आजीने पाहिले तेव्हा पालथे, हालचाल नाही, अंग गार. नाकातून थोडे पाणी. आदल्या दिवशी शिंका, ताप नाही, पिणे नेहमीसारखे. शेगडी नाही, खिडकी नाही. जन्मवजन कार्डावर २.१ किलो. शवविच्छेदन झाले नाही. कारण निश्चित समजले नाही.' दुसरी लिहायला दहा मिनिटं जास्त लागतात. तालुक्याच्या बैठकीत डॉक्टर फक्त दुसरीवर बोलू शकतात.

कार्ड, भेटी आणि लस

माता-बाल संरक्षण कार्ड मागा, विचारून फोटो घ्या. जन्मवजन, किती दिवस भरून बाळंतपण झालं, गृहभेटी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाच्या सहा भेटी असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी; घरी जन्मलेल्याला पहिल्या दिवसाची धरून सात. ही गृहभेटींची कल्पना डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत करून दाखवली, मग देशभर गेली.

इथं एक नाजूक गोष्ट. मृत्यू झाला की कुणीतरी फोन करतं : "तेवढ्या भेटी टाकून घ्या." मलाही आला होता असा फोन, वरून. नका टाकू. चौदाव्या दिवसाची भेट झाली नसेल तर 'झाली नाही' लिहा आणि का झाली नाही तेही लिहा. पूल वाहून गेला होता, आशा स्वतः आजारी होती, बाळंतीण माहेरी होती. मागून भरलेली भेट ओळखू येते. शाई एक, हात एक, आणि सगळ्या भेटींत वजन गोल आकड्यात.

लसीचं वेगळं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना डोस असतात, आणि अचानक मृत्यूंचं वयही साधारण तेच. त्यामुळे योगायोगाने दोन्ही जवळ येणारच. म्हणून तुम्ही "लसीमुळे नाही" असं परस्पर सांगायचं नाही आणि "लसीमुळे" असंही नाही. लसीनंतरचा मृत्यू ही गंभीर घटना म्हणून २४ तासांत जिल्हा माता-बाल संगोपन अधिकाऱ्यांपर्यंत पोचली पाहिजे, त्याचा नमुना वेगळा आहे. बॅच नंबर, डोस कधी दिला, त्याच सत्रात आणखी किती मुलांना दिला, ती मुलं कशी आहेत. ती वायल (लसीची बाटली) फेकू नका. अशा वेळी शवविच्छेदनासाठी घरच्यांना मनापासून समजवा; नाही तर पुढच्या सत्राला अर्धी वस्ती येत नाही.

ग्रामपंचायतीचा कागद

इथं अडकतात सगळे. जन्म नमुना १, मृत्यू नमुना २, उपजत मृत्यू नमुना ३. उपजत म्हणजे किमान २८ आठवड्यांचा गर्भ जो जिवंत जन्मलाच नाही. बाळाने एक श्वास घेतला असेल तर ते उपजत नव्हे. त्याचा जन्मही नोंदवायचा आणि मृत्यूही. "जन्माची नोंद करायला लेकरू आहे कुठं?" असं घरचे म्हणतात. मृत्यूची नोंद टांगायला जन्माची खुंटी लागते, असं मी त्यांना सांगते.

बारसं झालेलं नसलं तरी नोंद होते. नाव कोरं राहिलं तर चालतं, आईबापांची नावं असली की पुरे.

वयाचा रकाना नीट वाचा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर वय महिन्यांत, महिन्याच्या आतलं असेल तर दिवसांत, दिवसाच्या आतलं असेल तर तासांत. मी एकदा नुसतं '३' लिहून पाठवलं होतं. दाखल्यावर लेकरू तीन वर्षांचं होऊन आलं. दुरुस्तीला त्या बापाच्या चार चकरा झाल्या, दर चकरेला रोज बुडाला.

मुदत २१ दिवस. त्यात नोंदवलं तर फी नाही आणि दाखला मोफत. २१ ते ३० दिवस विलंब शुल्क. महिना उलटला की जिल्हा निबंधक किंवा शासनाने ठरवलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. तान्ह्या लेकरासाठी एवढं कुणी करत नाही, म्हणजे २१ दिवस हुकले की ते लेकरू सरकारच्या लेखी जन्मलंच नाही.

दाखल्यावर कारण छापलं जाईल अशी भीती घरच्यांना असते. छापत नाहीत. अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या दाखल्यात कारण उघड करता येत नाही. हे सांगितलं की बोलायला तयार होतात.

"काय उपयोग त्या कागदाचा?" असं विचारणाऱ्यांना २०२३ ची आठवण द्या. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या काळात मराठवाड्यातल्या गावोगावी कुणबी नोंदींसाठी दप्तरं उघडली, निजामकाळातले कागद, जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या. कुणीतरी कधीतरी लिहिलेल्या एका ओळीसाठी माणसं तहसीलमध्ये रांगा लावून उभी होती.

आकड्यांबद्दलही एक. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता, देशाचा २८. हे आकडे निवडक गावा-शहरांच्या पाहणीतून येतात, आपल्या वहीतून नाही. आपली वही तेवढी भरवशाची नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि कारणांचं तर विचारूच नका; त्याच वर्षी देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी साधारण २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरचं कारण-प्रमाणपत्र होतं.

फडावरचे मृत्यू

बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या ताईंनी हा भाग दोनदा वाचावा. दिवाळी झाली की ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजूर जोडपी, निघतात, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक. लेकरू कोपीत (फडावरच्या झोपडीत) जन्मतं, कोपीत जातं, उसाच्या बांधाला पुरतात. गावाला कळतं चैत्रात, माणसं परतल्यावर. तोवर २१ दिवस कधीच गेलेले.

कायदा सांगतो की नोंद जिथं घटना घडली तिथं. राहत्या गावात नाही. आपल्या गावात 'राहत्या घरी मृत्यू' असं लिहून घेणारे महाभाग आहेत. उद्देश चांगला असेल, पण नोंद खोटी आहे, आणि त्या घराच्या चौकशीत तुम्ही कोणतं घर पाहणार?

उपाय आधीचा आहे. टोळी निघताना गरोदर आणि तान्ह्यांच्या आयांची यादी करा, मुकादमाचा नंबर घ्या, कारखाना कोणता ते लिहा. मुकादमाला सांगून ठेवा की असं काही झालं तर त्याच आठवड्यात तिथल्या ग्रामपंचायतीत सांगायचं आणि पावतीचा फोटो तुम्हाला पाठवायचा. कळल्याबरोबर तिथल्या आरोग्यसेविकेला फोन करा. कोणाच्या आकड्यात धरायचं यावर दोन तालुके भांडत बसतील. बसू द्या, दोघींनी आपापल्या वहीत एकमेकींचं नाव आणि तारीख लिहा. कोपी चार दिवसांत मोडतात, म्हणून कोपीचा फोटो तिथल्या ताईकडून त्याच दिवशी मागवा.

गाडीत, ॲम्ब्युलन्समध्ये मृत्यू झाला तर पहिल्या थांब्याच्या ठिकाणी नोंद होते.

दवाखाना आणि पीएम (शवविच्छेदन) झालं असेल तर

दवाखान्यातल्या मृत्यूला कारणाचं प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये, बाहेर झालेल्याला नमुना ४-अ मध्ये, आणि ते शेवटच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरनेच द्यायचं. फी नाही. मृतावस्थेत आणलेल्या बाळाला ज्याने कधी तपासलंच नाही, त्या डॉक्टरकडून कारण लिहून घेण्याचा आग्रह धरू नका. आणि 'हृदय व श्वास बंद पडल्याने' असं कारण आलं तर विनयाने परत विचारा, "साहेब, ते कशामुळे बंद पडलं?" प्रत्येकाचं पडतंच.

पोलीस केसमध्ये व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे तुकडे) छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या प्रयोगशाळेत जातो आणि पीएम रिपोर्टवर 'मत राखून ठेवले' असं येतं. अहवाल महिन्यांनी येतो, पोलीस ठाण्यात येतो, आणि तिथंच राहतो. ग्रामपंचायतीला कुणी कळवत नाही, आपल्याला तर नाहीच. डायरीत पुढच्या तिमाहीच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा : अमुक गाव, अकस्मात मृत्यू नंबर अमुक, अंतिम मत आलं का. जमादारांना फोन करा. आलं असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत आपल्या अन्वेषणाच्या फाइलमध्ये लावा आणि निबंधकांना नोंद दुरुस्तीसाठी पत्र द्या.

दुसरी भेट

दहाव्या-बाराव्या दिवशी परत जा. फॉर्म राहिला असेल म्हणून जा, नसेल तरी जा. बाळंतिणीच्या आपल्या भेटी लेकरू गेलं म्हणून थांबत नाहीत, पण प्रत्यक्षात थांबतात. तिचं दूध दाटलेलं असतं, छाती दगड झालेली असते, ताप असतो, आणि ते कुणाला सांगावं हे तिला कळत नसतं.

जे लिहिलंय ते तिला वाचून दाखवा. एका माऊलीला मी असंच वाचून दाखवत होते, 'पहाटे पालथे सापडले'. ती पहिल्यांदा बोलली. "पालथं नव्हतं बाई. सासूबाईंनी उचलून परत ठेवलं तवा पालथं झालं. मी पाह्यलं तवा कुशीवर होतं, भिंतीकडं तोंड." आजीच्या सांगण्यावरून मी लिहिलं होतं, आणि आजीने खोटं सांगितलं नव्हतं, तिने तेवढंच पाहिलं होतं.

अशा वेळी खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे. वर बरोबर लिहायचं, कुणी सांगितलं ते लिहायचं, शेजारी सही आणि तारीख.